कूलंट गळतंय? दुरुस्तीला हात घालण्याआधी या चुका टाळा

कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी खाली गेली की झाकण उघडायचं, थोडं कूलंट ओतायचं आणि गाडी काढायची. गळतीत सगळ्यात महागात पडते ती ही सवय. कूलंटची सिस्टीम बंद असते. सगळं ठीक असेल तर महिनोन् महिने त्यात भर घालायची वेळ येत नाही. दर आठवड्याला पातळी उतरत असेल, तर ते कुठून तरी नक्की जातंय.

ते शोधताना इंजिन गरम असेल तर कूलंटचं झाकण उघडू नका. आत साधारण 1 बारचा दाब असतो, म्हणून कूलंट 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब एकदम उतरतो आणि उकळतं कूलंट तोंडावर, हातावर उडतं. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. रेडिएटरची वरची होज (रबरी नळी) गार आणि मऊ लागली, की मगच झाकणाला हात लावा. पंख्यापासूनही बोटं दूर ठेवा, इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो.

गाडीखाली ओल दिसली म्हणून लगेच घाबरू नका. ते एसीचं पाणी असू शकतं. पांढरा टिश्यू त्यात बुडवून बघा. एसीच्या पाण्याला रंग नसतो, वास नसतो. कूलंट बुळबुळीत लागतं, वास गोडसर येतो आणि टिश्यूवर हिरवा, गुलाबी किंवा निळसर डाग उतरतो. चव मात्र कधीच बघू नका. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी आहे. गोड असल्याने कुत्री-मांजरी ते चाटतात आणि थोड्याशा कूलंटनेही दगावतात. सांडलेलं लगेच पुसून, धुऊन टाका.

थेंब पडतो तिथेच गळती आहे असं समजणं

यात अनेकजण फसतात. कूलंट होजवरून, इंजिनाच्या कडेवरून ओघळत येतं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवा. डाग कोणत्या बाजूला पडला ते सकाळी कळेल. मग टॉर्च घेऊन तिथून वरवर चढत जा आणि सगळ्यात वरची ओली जागा गाठा. गळती बारीक असेल तर गरम इंजिनावर कूलंट सुकून जातं, थेंब पडतच नाही. मागे उरतो तो पांढरट किंवा रंगीत, खरखरीत थर. होजच्या टोकाशी, प्लॅस्टिक टाकीच्या जोडावर, वॉटर पंपाखालच्या बारीक छिद्रापाशी तो थर दिसला, की चोर सापडला. पंपाच्या त्या छिद्रातून कूलंट येत असेल तर आतलं सील गेलंय. छिद्र बुजवू नका, पंप बदला.

होज आवळणाऱ्या काही क्लिपा फक्त गार असतानाच गळतात, तापल्यावर रबर फुगून जागा बंद होते. म्हणून सकाळी, गाडी सुरू करण्याआधीही एकदा बघा. तरीही सापडत नसेल तर सिस्टीममध्ये दाब भरून गळती दाखवणारा हातपंपाचा प्रेशर टेस्टर गार इंजिनावर लावा, पण झाकणावर छापलेल्या आकड्याच्या वर दाब नेऊ नका.

जागा सापडली की जोर लावायचा मोह होतो. क्लिप प्रमाणाबाहेर आवळली तर होज कापली जाते किंवा रेडिएटरचं प्लॅस्टिकचं तोंड तडकतं. होजचं टोक कडक झालं असेल किंवा त्याला भेगा पडल्या असतील, तर आवळून उपयोग नाही, होजच बदला. गळती बंद करणारी बाटलीतली औषधं मी कोणालाच सुचवत नाही. भोक बुजो न बुजो, हीटर कोअरच्या (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या) बारीक नळ्या तुंबण्याचा धोका नक्की असतो.

भरताना रंगावर जाऊ नका. एकाच रंगाची दोन कूलंट आतून वेगळी असू शकतात आणि न जमणारी एकत्र झाली तर गाळ धरतात. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकारच वापरा. घट्ट (कॉन्सन्ट्रेट) कूलंट असेल तर त्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी घाला. नळाच्या पाण्याने आत क्षार साचतात. तापलेल्या इंजिनात गार पाणी तर अजिबात ओतू नका, हेड (इंजिनाचा वरचा भाग) तडकू शकतं.

हवा न काढणं

होज बदलली, कूलंट भरलं, तरी गाडी तापते? बहुतेकदा आत हवा अडकलेली असते. इंजिन गार असतानाच ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडणारा स्क्रू) असेल तर तो उघडून, बुडबुडे न येता सलग कूलंट येईपर्यंत भरा. नंतर स्क्रू आणि झाकण लावून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा. पंखा एकदा सुरू होऊन बंद होऊ द्या. गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा, ती थोडी उतरलेली असेल. एक लक्षात ठेवा: कूलंट फार कमी असेल तर तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि डॅशबोर्डवरचा काटा सगळं नॉर्मल दाखवू शकतो. काट्यावर विसंबू नका.

बाहेर कुठेच ओल नाही, पण पातळी उतरतेय? मग आत बघा. पायाशी कार्पेट ओलं, काचेवर तेलकट वाफ आणि गोड वास असेल तर हीटर कोअर गळतोय. तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल, टाकीत सतत बुडबुडे उठत असतील, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालं असेल, तर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेल्याचा संशय घ्या. हे घरचं काम नाही. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.