अमेरिकेत शालेय हॉकीतून कॉलेजच्या हॉकीकडे जाताना

अमेरिकेतील एनसीएएच्या (कॉलेजांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या) मैदानी हॉकी स्पर्धा केवळ मुलींच्या असल्यामुळे ही वाट मुख्यतः त्यांचीच आहे. डिव्हिजन वनच्या, म्हणजे तीन स्तरांपैकी सर्वांत वरच्या स्तराच्या, प्रशिक्षकांना दहावीनंतरच्या १५ जूनपासून खेळाडूला स्वतःहून ईमेल किंवा फोन करता येतो. म्हणून त्याआधीच सामन्यांची छोटी चित्रफीत तयार ठेवावी आणि तिच्यात गोलांइतकेच, चेंडू गमावल्यावर आपण किती तत्परतेने मागे धावतो, हेही दिसू द्यावे. डिव्हिजन थ्रीमध्ये क्रीडा शिष्यवृत्ती नसते, हे पालकांनी (हिशेब मांडण्यापूर्वीच) ध्यानात घ्यावे. खरी परीक्षा मात्र मैदानावर होते: गवतावर अडखळत येणारा चेंडू पाणी मारलेल्या टर्फवर सुसाट येतो, तेव्हा गुडघे वाकवून, स्टिक जमिनीलगत धरून, खालच्या हाताची पकड सैल ठेवून तो थांबवण्याचा सराव ऑगस्टमधील शिबिरापूर्वीच करावा.