पर्यावरणाच्या कामासाठी अनुदान व पुरस्कार : सीमाभागातील तरुणांनी अर्ज कसा करावा

खानापूर, बेळगाव, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात नदी, जंगल आणि शेतजमीन यांसाठी मनापासून झटणारी तरुण मुले-मुली आहेत. अशा कामाला पैसा देणाऱ्या संस्थाही जगात आहेत. तरीही चांगली कामे अर्जाच्या पहिल्याच पानावर अडतात, कारण अर्ज कसा लिहावा हे मराठीतून सांगणारे फारसे कोणी भेटत नाही.

सर्वांत आधी कोणत्या दाराशी जायचे ते ठरवा. 1992 मध्ये मेधा पाटकर यांना मिळालेल्या गोल्डमन पर्यावरण पुरस्कारासाठी स्वतः अर्ज करता येत नाही. तिथे दुसऱ्याने नाव सुचवावे लागते. ब्रिटनचा व्हिटली पुरस्कार आणि नेदरलँड्सचा ‘फ्युचर फॉर नेचर’ हे निसर्गसंवर्धनाचे पुरस्कार काही वर्षांचे काम दाखवू शकणाऱ्यांसाठी आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने रफर्ड फाउंडेशनच्या लहान अनुदानाकडे पाहावे. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि तुमच्या कामाची ओळख असलेल्या तिघांचे अभिप्राय लागतात. मात्र निव्वळ शैक्षणिक संशोधनाला किंवा परिषदेच्या प्रवासाला तिथे पैसा मिळत नाही. तीन किंवा अधिक जणांचा गट असेल, तर संवर्धनाचे काम करणाऱ्या तरुण गटांना अनुदान देणाऱ्या कॉन्झर्व्हेशन लीडरशिप प्रोग्रॅमची माहितीही वाचावी. वयाच्या व अनुभवाच्या अटी आणि मुदती बदलत असतात, त्यामुळे त्या वर्षीचे सूचनापत्र वाचल्याशिवाय एक ओळही लिहू नये.

दुसरे काम म्हणजे आपल्या प्रकल्पाची हद्द आखणे, आणि माझ्या मते अर्ज इथेच जिंकला किंवा हरला जातो. ‘पश्चिम घाट वाचवणे’ हा उद्देश कितीही प्रामाणिक असला, तरी परीक्षकाला त्यात धरायला काही सापडत नाही. आसामच्या पूर्णिमा देवी बर्मन यांनी हरगिला हा करकोच्याच्या जातीतला एकच पक्षी आणि त्याची घरटी असलेली गावे निवडली. तिथल्या बायकांना सोबत घेतले, त्यांनी मागावर हरगिलाची नक्षी विणली, आणि 2017 मध्ये बर्मन यांना व्हिटली पुरस्कार मिळाला. आपल्याकडे खानापूर तालुक्यातले भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झाले. त्याच्या परिसरातल्या बारापेडे गुहांत राऊटनचे वटवाघूळ राहते, जे दीर्घकाळ जगात केवळ याच गुहांतून माहीत होते. या विषयावर लिहायचे, तर असे वाक्य चालेल : ‘गुहांजवळच्या तीन गावांतील शाळकरी मुले आणि गुराखी यांच्यासोबत बारा महिन्यांत गुहेच्या तोंडाशी होणारी माणसांची ये-जा नोंदवून ती कमी करण्याची व्यवस्था ग्रामसभेतून ठरवून घेणे.’ यात जागा आहे, माणसे आहेत, मुदत आहे आणि शेवटी काय हाती येईल तेही आहे.

यानंतर पुरावा. त्यासाठी एक शंभरपानी वही पुरते. ओढ्याचे पाणी दूषित होत असेल, तर दर रविवारी त्याच पुलाखाली, त्याच वेळी उभे राहून तारीख, पाण्याचा रंग, वास, फेस, मेलेले मासे, सोबत कोण होते आणि छायाचित्राचा क्रमांक एवढे लिहावे. सहा महिन्यांच्या अशा नोंदी जोरदार भाषणापेक्षा जास्त बोलतात. सरकारी कागद माहिती अधिकाराखाली मागता येतात. कर्नाटकात दहा रुपये शुल्क आहे, आणि एका अर्जात एकच विषय दीडशे शब्दांच्या आत मांडावा लागतो, हा नियम आपल्याकडच्या अनेकांना ठाऊक नसतो. उत्तर बहुधा कन्नडमध्ये येते. म्हणून कन्नड चांगले वाचणारा एक मित्र गटात पहिल्या दिवसापासून असावा, आणि त्याने केलेला मराठी सारांश मूळ कागदाला टाचून ठेवावा.

अभयारण्यात संशोधनासाठी जायचे, तर वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव संरक्षकांची परवानगी लागते. ती मिळायला वेळ लागतो, हे वेळापत्रकात स्पष्ट लिहावे. जून ते सप्टेंबर कणकुंबी-आमगावकडे पाऊस कसा कोसळतो हे परदेशातल्या परीक्षकाला माहीत नसते. त्या महिन्यांत जंगलातली कामे न दाखवता बैठका आणि नोंदींची जुळणी दाखवावी. अंदाजपत्रकातही तोच नेमकेपणा हवा. ‘प्रवास’ एवढेच न लिहिता ‘खानापूर-जांबोटी भाड्याची जीप, महिन्यातून दोन फेऱ्या’ असे लिहावे. वाट दाखवणाऱ्या गावकऱ्याची मजुरी गाळू नये. त्याचा दिवस बुडतो, आणि न्यायाची भाषा करणाऱ्या अर्जात त्याचाच मोबदला नसणे मला अत्यंत चुकीचे वाटते.

पैसा परदेशातून येणार असेल, तर अर्जाआधी सीएला भेटणे अत्यावश्यक आहे. परकीय अंशदान कायदा, 2010 नुसार संस्थेकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला असा पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. त्यामुळे ‘ओळखीच्या संस्थेच्या नावावर मागवू आणि मग आपल्या मंडळाकडे वळवू’ हा बेत मुळीच करू नये. रक्कम व्यक्तीला मिळते की संस्थेला, हे देणाऱ्यांना लेखी विचारून घ्यावे.

अभिप्राय देणाऱ्यांना निदान महिनाभर आधी मसुदा द्यावा. अर्ज बहुधा इंग्रजीतच द्यावा लागतो, पण आधी मराठीत लिहा. जे मराठीत नीट सांगता येत नाही, ते अजून ठरलेलेच नसते.

शेवटी, अर्ज पाठवण्यापूर्वी तोच मराठी मसुदा ज्या गावाबद्दल लिहिला आहे त्या गावात मोठ्याने वाचून दाखवा. भीमगडच्या जंगलातल्या गावांत पुनर्वसनाचा प्रश्न नाजूक आहे. तुमच्या एखाद्या वाक्याने तिथल्या कुटुंबाला ‘जंगलाचा अडथळा’ ठरवले गेले, तर ते तिथेच कोणीतरी सांगेल. ते वाक्य बदला, वाचनाला कोण हजर होते ते वहीत लिहा, आणि मग अर्ज पाठवा.