एमजीबीचा सायलेन्सर: डबे बाहेरून, नळ्या इथून

इंदूरात जुन्या गाड्यांचा विषय निघाला की कुणीतरी यशवंतराव होळकरांची १९३५ ची ड्यूसेनबर्ग काढतोच. लंडनच्या गर्नी नटिंगनं बॉडी बांधलेली, केशरी-काळी. त्या पंगतीत आपल्या एमजीबीला, एमजी कंपनीच्या साध्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला, कुणी पाट मांडणार नाही. पण ड्यूसेनबर्गची काळजी वाहायला कोट्यधीश मालक समर्थ आहेत. आपला सायलेन्सर सडला तर आपल्यालाच गाडीखाली आडवं व्हावं लागतं.

माझी गाडी १९६६ ची. मामांनी दिल्लीत एस.टी.सी.च्या (सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या) लिलावात घेतलेली, आता लोकमान्यनगरात आमच्या पोर्चमध्ये असते. तिचा एक्झॉस्ट मी दोनदा बदलला. पहिल्यांदा सगळ्या चुका केल्या, दुसऱ्यांदा त्या निस्तरल्या. हे मार्गदर्शन दुसऱ्या वेळचं आहे.

आधी मेलंय काय ते पाहा

एक लिटर पेट्रोल जळलं की धुरातून जवळजवळ एक लिटर पाणी बाहेर पडतं. नळी गरम असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. गार असेल तर सायलेन्सरच्या डब्यात साचतं आणि धुरातल्या आम्लांसोबत पत्रा आतून खातं. म्हणून ‘बॅटरी उतरू नये’ म्हणून रोज पाच मिनिटं गाडी जागेवर चालू करणारे लोक सायलेन्सरचे पहिले शत्रू. आठवड्यातून एकदा महूपर्यंत चक्कर मारा, नाहीतर बॅटरीची तार काढून ठेवा.

तपासायला स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ पुरते. मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनाला चिकटून धूर गोळा करणाऱ्या भागापासून, मागे ठोकत जा. शाबूत पत्रा टणटणतो, सडलेला थपथप वाजतो. डब्याची खालची बाजू आणि वेल्डची शिवण आधी जाते. कास्ट आयर्नचा मॅनिफोल्ड सहसा सडत नाही, तो तडकतो. तडेच्या जागी काळ्या काजळीची रेघ दिसते. माझ्या गाडीत दोन्ही डबे आणि शेपटीची नळी गेली होती, पुढची दुहेरी नळी निम्मी शिल्लक होती.

काढताना घाई करू नका

बॅटरीची जोडणी आधी सोडा. आपल्या गाडीत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, आणि १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या गाड्यांत अर्थिंग धन टोकाला असतं. इथला नवा इलेक्ट्रिशियन ते बघून हमखास चक्रावतो आणि उलटं जोडून देतो. तारांना चिठ्ठ्या लावा. गाडी चारी बाजूंनी घोड्यांवर (ॲक्सल स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, अगदी ‘दोनच मिनिटांसाठी’ म्हणूनसुद्धा.

मॅनिफोल्डला डाउनपाइप, म्हणजे ती पुढची दुहेरी नळी, धरणारे नट पितळी असतात, कारण पितळ तापलेल्या स्टीलच्या स्टडला (डोकं नसलेल्या बोल्टला) चिकटून बसत नाही. मधल्या कुठल्या तरी मिस्त्रीनं तिथे लोखंडी नट घातले असतील तर मात्र परीक्षा आहे. आदल्या संध्याकाळी गंजाचं तेल सोडा, सकाळी पुन्हा सोडा. मग पाना लावून आधी किंचित आवळा, मग सैल करा. पुढे-मागे, पुढे-मागे. ‘कर्र’ आवाज आला की थांबा, परत तेल. पाना फिरतोय आणि जोर एकदम कमी झालाय असं वाटलं तर नट सुटला म्हणून आनंद मानू नका. बहुतेक स्टड पिळवटतोय. मी तसाच आनंदलो होतो. तुटलेला स्टड काढायला मॅनिफोल्ड खरादवाल्याकडे न्यावा लागला आणि एक रविवार गेला.

जुनी गॅस्केटं बऱ्याचदा ॲस्बेस्टॉसची असतात. ती कोरडी खरवडू नका, सँडपेपर तर मुळीच नको. ओली करून सोलून काढा, पिशवीत बांधून टाका, तोंडाला साधं फडकं नव्हे तर नीट मास्क बांधा.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. काढलेली नळी, चाळणी झालेली असली तरी, भंगारवाल्याला देऊ नका. पहिल्या वेळी दिवाळीच्या साफसफाईत मी स्वतःच्या हातानं ती हातगाडीवर ठेवली आणि वर किलोच्या भावावरून घासाघीसही केली. पुढच्या महिन्यात फॅब्रिकेटरनं विचारलं, ‘बाबूजी, नमूना दिखाओ.’ नमुना तोवर कुठल्या तरी भट्टीत गेला होता. शेवटी गाडीखाली झोपून अंदाजानं नळी वाकवली. ती हँडब्रेकच्या केबलला घासत होती, हे तीन महिन्यांनी केबल तुटल्यावर कळलं. सडलेली नळी हाच तुमचा नकाशा आहे. कुठे किती वाकली, डबा कोणत्या कोनात बसला, नळी टांगणाऱ्या हँगरची पट्टी कुठे होती, हे सगळं तिच्यावर लिहिलेलं असतं.

नळी तुकड्यांत निघाली तर तुकडे जमिनीवर जुळवून मांडा, वरून फोटो काढा, खडूनं क्रमांक घाला. मग हातानं वाकेल पण आपोआप हलणार नाही अशी जाड तार त्या वळणांवरून बसवा. प्रत्येक डब्याची लांबी, रुंदी, तोंडाची आतली-बाहेरची मापं व्हर्नियरनं घ्या, गंजाचे फोड वगळून.

काय कुठून आणायचं

इथे माझं मत स्पष्ट आहे: डबे बाहेरून, नळ्या इथून.

इंग्लंडमध्ये एमजीबीचे भाग विकणारे बरेच आहेत आणि अख्खा एक्झॉस्ट एका खोक्यात मिळतो. पण कुरिअर वजनाबरोबर आकाराचेही पैसे लावतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ५००० नं भागतात, आणि येणारा आकडा किलोंत धरतात. १८० × ३५ × २५ चं खोकं म्हणजे ३१.५ किलो, आत लोखंड कितीही असो. फक्त दोन डबे ७० × ३५ × २५ मध्ये मावले तर सव्वाबारा किलो. वर कस्टम ड्युटी आहेच. महाग पडते ती लांबी. आणि लांब नळी वाकवणं हे इथल्या फॅब्रिकेटरला सहज जमणारं काम आहे. डब्याच्या आतले पडदे आणि भोकांच्या नळ्या मात्र त्याला जमत नाहीत. इथे बनवलेल्या डब्यात बहुधा काचेचं लोकर कोंबलेलं असतं. वर्षभरात ते उडून जातं आणि गाडी ट्रॅक्टरसारखी ओरडू लागते.

मागवताना चेसिस क्रमांक कळवा. १९६७ पर्यंतच्या उघड्या गाडीचा जी.एच.एन.३ नं सुरू होतो, १९६९ नंतरच्यांचा जी.एच.एन.५ नं. अमेरिकेसाठी बनलेल्या १९७५ नंतरच्या गाड्यांत एकच झेनिथ कार्ब्युरेटर आणि वेगळा मॅनिफोल्ड होता, त्याचे भाग आपल्या दोन एस.यू. कार्ब्युरेटरवाल्या गाडीला चालत नाहीत. गॅस्केटं आणि पितळी नट त्याच खोक्यात मागवा, जागा खात नाहीत.

दुसरा पुरवठादार म्हणजे अँबॅसिडर. हसू नका. एमजीबीचं १७९८ सी.सी.चं आणि अँबॅसिडरचं १४८९ सी.सी.चं इंजिन एकाच बीएमसी बी-सिरीजची भावंडं. मॅनिफोल्ड लागत नाही, एमजीबीचा खाली दोन तोंडांचा असतो. पण अँबॅसिडरही इंची आट्यांची गाडी, त्यामुळे तिचं सामान ठेवणाऱ्या जुन्या दुकानात यूएनएफ (इंची, बारीक आट्यांचे) नट-बोल्ट निघतात. गॅस्केट मिळालं तर घेण्याआधी जुन्यावर ठेवून भोकं जुळवा.

आट्यांबद्दल सावध. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठ मिलिमीटरचा नट त्यावर अलगद चढतो, दीड-दोन फेरे फिरतो आणि मग घट्ट होतो. दुकानातला पोरगा म्हणतो, ‘टाइट है, बैठ जाएगा.’ बसत नाही. यूएनएफच्या एका इंचात २४ आटे, मेट्रिकच्या साधारण २०. जोर लावलात तर स्टडच्या आट्या सोलल्या जातात. एक खरा नट खिशात ठेवूनच सियागंजच्या बाजारात जा आणि काउंटरवर दोन्ही शेजारी धरून बघा.

तसाच घोळ नळीच्या मापाचा. ‘दीड इंची पाइप’ मागितला तर प्लंबिंगचा मिळतो, ज्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर असतो. तुम्हाला हवी बाहेरच्या व्यासानं मोजलेली ईआरडब्ल्यू (शिवण वेल्ड केलेली) ट्यूब, १६ गेजची, म्हणजे १.६ मिलिमीटर जाड. जी.आय., म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप कुणी सुचवला तर नको म्हणा. वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो, वेल्डरला ताप भरतो.

स्टेनलेस घ्यावं का? ३०४ प्रतीचं स्टील इथल्या पावसात सडत नाही, हे खरं. पण ते साध्या लोखंडापेक्षा जास्त फुगतं. दोन मीटरची नळी ३०० अंशांनी तापली तर लोखंड सुमारे ७ मिलिमीटर वाढतं, ३०४ सुमारे १०. हँगर कडक असले तर ती वाढ मॅनिफोल्डच्या स्टडवर येते. आवाजही थोडा पातळ होतो, मला तो आवडत नाही. मी साध्या ट्यूबवर उष्णता सोसणारा रंग मारला.

नळी वाकवणं

पोलोग्राउंडला किंवा सांवेर रोडला फॅब्रिकेशनवाले भरपूर. एकच प्रश्न विचारा: वळणात नळी चपटी होते का? साध्या प्रेसवर होते, आणि चपट्या जागी धूर अडतो. त्याच्याकडे आत मँड्रेल (नळीला आतून आधार देणारा दांडा) घालून वाकवायची सोय नसेल तर तयार वळणं आणून जोडायला सांगा. जुना पठ्ठ्या असेल तर नळीत कोरडी रेती ठासून, तोंडं बंद करून, गॅसवर लाल करून वाकवेल. रेती ओली असेल तर वाफेनं तोंडाचं बूच उडतं, तेव्हा समोर उभं राहू नका.

वेल्डिंग गाडीवर करू नका. गाडीखाली नळी धरून खडूच्या खुणा करा, पण वेल्ड खाली उतरवून. मागचा डबा पेट्रोलच्या टाकीच्या शेजारी आहे, एवढं कारण पुरे.

चढवणं

मॅनिफोल्ड बसवण्याआधी त्याच्या चेहऱ्यावर सरळ पट्टी आडवी धरा. खाली ०.१ मिलिमीटरची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पत्री) सरकत असेल तर फेस मारून, म्हणजे चेहरा सपाट करून घ्या. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच गॅस्केटवर शेजारी बसतात, आणि एकच जाड वॉशर दोघांच्याही कानांवर बसतो. दोन्ही कान सारख्या जाडीचे नसतील तर वॉशर तिरका होतो आणि एक बाजू गळते. महिनाभर मी गॅस्केटं बदलत होतो, दोष या वॉशरखाली होता.

मग पुढून मागे सगळं सैल टांगा. सगळं म्हणजे सगळं: डाउनपाइप, डबे, हँगर, शेवटचा क्लॅम्प. प्रत्येक नट बोटानं फिरेल इतपतच. आता गाडी हलवून पाहा. इंजिन रबरावर उभं असतं, रेस दिली की कलतं, म्हणून त्याला हातानं दोन्ही बाजूंना ढकला. मागचा ॲक्सल दोन स्थितींत तपासा: चाकांवर वजन असताना, आणि बॉडी उचलून ॲक्सल लोंबकळत असताना. ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, फरशी, सगळीकडून बोट जाईल एवढी फट हवी. मी घडी केलेलं पुठ्ठं सरकवत जातो. अडलं की तिथे खूण. डबे शक्य तितके वर घ्या, आपल्या कॉलन्यांतले गतिरोधक इंग्लंडच्या इंजिनिअरनं पाहिलेले नव्हते. शेपटीची नळी बंपरच्या बाहेर दोन बोटं निघालीच पाहिजे. उघड्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा होतो आणि धूर आत ओढला जातो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

समाधान झालं की मॅनिफोल्डकडून मागे आवळत या. डाउनपाइपचे नट थोडे-थोडे, आळीपाळीनं. हँगर सर्वांत शेवटी, रबर पिळलेलं नको.

पहिल्यांदा चालू करताना

बाहेर, मोकळ्यावर. रंगाचा आणि तेलाचा धूर दहा मिनिटं येणार, घाबरू नका. जाड फडक्यानं शेपटीचं तोंड क्षणभर दाबा: इंजिन गुदमरायला लागलं तर जोड घट्ट आहेत, कुठून ‘फुस्स’ ऐकू आलं तर तिथे कान न्या, हात नको. जोडांवर साबणाचं पाणी इंजिन गार असताना, चालू केल्याबरोबर लावा. रेस सोडल्यावर फटफट आवाज येत असेल तरी बहुधा हवा कुठून तरी शिरतेय.

आवाज मूळचाच ठेवा. फटाके फोडणाऱ्या बुलेटमुळे पोलिसांचे कान आधीच तयार आहेत. शिवाय पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर गाडी मूळ रूपात असावी लागते. नव्या नोंदणीचे वीस हजार, दहा वर्षांसाठी, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं. त्या क्रमांकाची गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही.

त्यानंतर महूची चक्कर. परत आल्यावर लगेच पाना लावू नका, रात्रभर गार होऊ द्या. सकाळी मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळा. माझे जवळजवळ पाव फेरा फिरले. शंभर किलोमीटरनंतर एकदा परत. जुनी सडकी नळी आता माळ्यावर आहे, तारेसकट, मापांची चिठ्ठी बांधून. दिवाळीत माळा आवरायला मी कुणालाही चढू देत नाही.