जुन्या टाकीला नवी आरसीसी भिंत जोडताना

गेल्या उन्हाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका घरी टाकी बघायला बोलावलं होतं. जमिनीतल्या जुन्या टाकीला लागून नवा कप्पा बांधला होता. काम वरून देखणं होतं, पण नवी भिंत जुन्या भिंतीला भिडते तिथं बोटभर रुंदीची उभी ओल उतरत होती. सांध्यातला गिलावा नखानं खरवडला, तर मागून खडूसारखा पांढरा थर सुटून हातात आला. जुन्या भिंतीवर सिमेंटचं पाणी फासलं होतं आणि ते वाळून गेल्यावर काँक्रीट ओतलं होतं. चिकटावं म्हणून लावलेला थरच दोन भिंतींमधला पडदा झाला होता. पाणी कायम असल्या सांध्यातूनच वाट काढतं, म्हणून सगळं लक्ष तिथं द्यायचं.

कुदळ मारण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. जुन्या टाकीची भिंत आता दोन कप्प्यांच्या मधली भिंत होणार. एक कप्पा धुवायला रिकामा केला की दुसऱ्यातलं पाणी तिला ढकलणार, कधी या बाजूनं, कधी त्या. तेवढी सळई तिच्यात आहे का, हे बघावं लागतं. कुणी म्हणेल, नवा कप्पा नको, भिंतीच दोन फूट वाढवू. पण वरून मोकळी, पाच फुटी भिंत सात फूट केली आणि काठोकाठ भरली, तर तिला तळाशी वाकवणारा जोर जवळपास पावणेतीन पट होतो. काळ्या मातीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. नवा कप्पा मुरमाच्या पक्क्या थरावर बसला नाही तर तो खचतो आणि सांधा फाटतो. खोदताना जुन्या टाकीच्या तळाखालची माती मात्र अजिबात काढू नका.

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका. पावसाळ्यात पंचगंगा चढते तशी नदीकाठच्या भागात जमिनीतल्या पाण्याची पातळीही चढते, आणि तेव्हा रिकामी केलेली टाकी खालच्या दाबानं उचलली जाऊ शकते. बंद टाकीत उतरण्याआधी झाकणं उघडून हवा खेळती करा. आत माणूस असेपर्यंत दुसरा वर हवाच.

सांध्याच्या जागेवरचा जुना गिलावा, शेवाळ, रंग सगळं काढा. मग छिन्नीनं टाचे मारा. नुसते ओरखडे उपयोगाचे नाहीत. आतली खडी दिसेल असा पाच-सहा मिलिमीटर खोल खडबडीतपणा हवा. ठोकल्यावर पोकळ वाजणारा भाग पूर्ण काढा. शेवटी ब्रशनं घासून पाण्यानं स्वच्छ धुवा.

नव्या सळया जुन्या भिंतीत केमिकलनं, म्हणजे सळई काँक्रीटला चिकटवणाऱ्या रसायनानं बसवतात. 12 मिलिमीटरच्या सळईला साधारण 16 मिलिमीटरचं भोक लागतं. खोली इंजिनिअर सांगेल ती. भिंत सहा इंचीच असेल तर ड्रिल आरपार जाणार नाही, याची खूण ड्रिलच्या बिटावर टेप लावून करा. भोक पंपानं फुंका, ब्रश फिरवा, पुन्हा फुंका. आत भुकटी राहिली तर केमिकल भुकटीला चिकटतं आणि सळई हातानंसुद्धा उपसून येते. केमिकल तळापासून भरत बाहेर या, सळई फिरवत आत घाला आणि वाळेपर्यंत तिला धक्का लावू नका.

आता पाणी अडवणारी पट्टी. नव्या तळाच्या आणि नव्या भिंतीच्या सांध्यात पीव्हीसी वॉटरस्टॉप (प्लास्टिकची रुंद पट्टी) चालतो, कारण त्याची एक बाजू तळाच्या काँक्रीटमध्ये आधीच गाडता येते. जुन्या, कडक झालेल्या भिंतीत तो गाडणार कसा? तिथं पाणी लागलं की फुगणारी पट्टी वापरतात. आठ इंची भिंतीत ती बरोबर मध्यावर येऊ द्या, दोन्ही बाजूंना निदान तीन इंच काँक्रीट हवं. कडेला गेली तर फुगताना ती काँक्रीटच फोडते. पट्टीपुरती जागा सपाट करून तिच्या गोंदानं चिकटवा, तळापासून वरपर्यंत अखंड न्या, आणि तळाशी पीव्हीसी वॉटरस्टॉपला ती भिडलीच पाहिजे. जोड द्यायचाच तर दोन टोकं शेजारी-शेजारी दोन इंच ठेवा, एकावर एक नको. भिंत धुऊन वाळल्यावर, काँक्रीटच्या अगदी आधी ती लावा. वळीव कधी गाठेल सांगता येत नाही, म्हणून ताडपत्री हाताशी ठेवा. आधीच भिजून फुगलेली पट्टी काढून नवीनच लावा.

सेंट्रिंगवाले दोन्ही फळ्या आवळायला भिंतीतून तार आरपार घालतात. टाकीला हे चालत नाही, प्रत्येक तारेच्या कडेनं पाणी झिरपतं. बाहेरून टेकू द्या, नाहीतर पाणी अडवणारी चकती असलेले टाय (फळ्या आवळायचे लोखंडी दांडे) वापरा.

काँक्रीट एम30 या ताकदीच्या दर्जापेक्षा कमी नको. सिमेंटच्या पन्नास किलोच्या पोत्याला साडेबावीस लिटरच्या वर पाणी नाही, वाळूतली ओल त्यातच धरा. काँक्रीट घट्ट वाटलं म्हणून मिस्त्री पाइप सोडू लागला तर थांबवा, प्लास्टिसायझर (जास्त पाणी न घालता काँक्रीट सैल करणारं रसायन) घाला. जुना पृष्ठभाग थोडा ओलसर हवा, पाणी साचलेलं नको. पट्टीवर पाणी जाऊ देऊ नका. दीड फुटाच्या थरानं भरा, प्रत्येक थराला नीडल (काँक्रीट हलवून दाबून बसवणारा व्हायब्रेटर) लावा, सांध्याशी जास्त सावकाश, पण पट्टीला न लागता. मधे जेवणाची सुट्टी नको.

फळ्या काढल्या की गोणपाट गुंडाळून चौदा दिवस भिंत ओली ठेवा. बाहेरची माती लगेच भरू नका, आधी टाकी सावकाश भरा. आठवडाभर भिंतींना पाणी पिऊ द्या, मग पातळीची पेन्सिलनं खूण करून आणखी सात दिवस बघा. शेजारी पाण्यानं भरलेली बादली ठेवा, म्हणजे वाफ होऊन किती गेलं ते वेगळं कळतं. नवा कप्पा भरून जुना रिकामा, मग जुना भरून नवा रिकामा, अशी दोन्हीकडून परीक्षा घ्या. सांधा ओला दिसला तर बाहेरून गिलावा थापू नका. ओल कुठून सुरू होते तिथं खडूनं खूण करा आणि जाणकार माणूस बोलावून त्या जागी पीयू इंजेक्शन, म्हणजे भेगेत दाबानं पॉलियुरेथेन भरणं, करून घ्या. माती त्यानंतरच भरा.