घटनादुरुस्तीचं टपाली मतदान: गट कसे पाडायचे

मी सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाची कार्यवाह. आमचे बरेच आजीव सभासद सत्तरी ओलांडलेले, त्यातले काही औंध-बाणेरला मुलांकडे राहायला गेलेले. संध्याकाळच्या सभेला त्यांनी रिक्षा करून यावं, अशी अपेक्षा मला करवत नाही. पण संस्थेची घटना, म्हणजे तिची नियमावली, बदलताना त्यांचं मत हवंच. म्हणून टपालाने मतदान, आणि त्यासाठी दुरुस्त्यांचे गट: एका गटाला एक मत.

आधी स्वतःची घटना उघडा. टपाली मतदानाची तरतूद त्यात नसेल, तर पहिली दुरुस्ती तीच, आणि ती सभेतच करावी लागेल. संस्थेचे उद्देश बदलणं किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन होणं हे विषय तर पाकिटात घालूच नका. संस्था नोंदणी अधिनियम १८६० च्या कलम १२ नुसार त्यासाठी विशेष सभा लागते, प्रस्ताव १० दिवस आधी सभासदांच्या हाती द्यावा किंवा टपालाने पाठवावा लागतो, तीन-पंचमांश सभासदांची मतं प्रत्यक्ष किंवा प्रॉक्सीने (नेमलेल्या प्रतिनिधीमार्फत) बाजूने पडावी लागतात आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत हजर सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी शिक्कामोर्तब व्हावं लागतं.

उरलेल्या दुरुस्त्यांचे गट पाडताना प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारा: ही मंजूर झाली आणि ती फेटाळली गेली, तर घटना नीट वाचता येईल का? येत असेल, तर दोन्ही वेगळ्या ठेवा. वर्गणी वाढवली, थकबाकीची व्याख्या बदलली आणि थकबाकीदाराचा मताधिकार काढला, तर यातल्या शेवटच्या दोन एकमेकींवर उभ्या आहेत, त्यांचा एक गट. वर्गणीवाढ स्वतंत्र. शुद्धलेखन, जुना पत्ता, कलमांचे बदललेले क्रमांक हे सगळं खुशाल एका गटात घाला. पण कार्यकारिणीची मुदत ३ वर्षांवरून ५ करायची असेल, तर तिला मतपत्रिकेवर स्वतःचा चौकोन द्या. वर्गणीवाढ पटलेल्या माणसाला मुदतवाढही गिळायला लावणं हा त्याच्या मतावर अन्याय आहे, आणि या मुद्द्यावर मी कार्यकारिणीशी भांडते. वादग्रस्त कलम किरकोळ दुरुस्त्यांत दडवलं की सभासदांचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला वर्षं लागतात.

मतपत्रिकेवर प्रत्येक गटासमोर ‘मान्य’ आणि ‘अमान्य’. एका गटासमोर खूण नसली तरी बाकीच्या गटांवरची मतं धरली जातील, हे ठळक छापा. सोबत जुना आणि नवा मजकूर शेजारीशेजारी, मोठ्या टायपात. बहुमत किती आणि कशाच्या प्रमाणात, म्हणजे एकूण सभासदांच्या की आलेल्या वैध मतांच्या, हेही घटनेतून उतरवून तिथेच लिहा. मोजणी गटागटाने वेगळी होते.

मत गुप्त राहावं म्हणून दोन पाकिटं. आतलं कोरं, बाहेरच्यावर सभासद क्रमांक आणि सही. सह्या जुळल्या की आतली पाकिटं वेगळी काढून मिसळायची, मगच फोडायची. उत्तराच्या पाकिटाला टपाल खात्याचा बिझनेस रिप्लाय परवाना घेतलात, तर टपालखर्च सभासदाला नाही, संस्थेला पडतो, तोही परत आलेल्या पाकिटांपुरताच. शेवटची तारीख ही मत पोहोचण्याची, टाकण्याची नव्हे. आणि ती गणपती-दिवाळीत नको. कंपनी कायद्याखालच्या टपाली मतदानात पाठवल्यापासून ३० दिवस देतात. आपल्यावर ते बंधन नसलं तरी मुदत तेवढीच ठेवा.

निकालाने सार्वजनिक न्यासाच्या नोंदवहीतली एखादी नोंद बदलत असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खालचा बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्या. त्यावर आदेश होईपर्यंत सगळी पाकिटं, बाद झालेलीसुद्धा, मोहोरबंद ठेवा.