ट्रॉलरचं जाळं फ्लेक्झिबल पाइपला लागलं तर धोका किती, कसा बघायचा

मुंबई हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून साधारण 160 किमी, खोली 75 मीटरच्या आसपास, म्हणजे ट्रॉलर आरामात पोचतो. प्लॅटफॉर्मभोवती 500 मीटर बंदी असली तरी तळावर टाकलेला, तेल-वायू वाहणारा हा थरांचा लवचिक पाइप त्याच्या पुढेही जातो ना, मग तिथे काय?

आधी बंदरावर जा आणि तांडेलांशी (बोटीच्या प्रमुखांशी) बोला, जाळ्याच्या फळ्यांचं (जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या, तळावरून घासत जाणाऱ्या) वजन किती, वेग किती, कुठल्या सीझनला कुठे ओढतात, कारण एआयएसवर, म्हणजे जहाजांची जागा दाखवणाऱ्या यंत्रणेवर, छोट्या बोटी बऱ्याचदा दिसतच नाहीत. मग धडकेची एनर्जी काढा. समजा 100 किलोची फळी 3 नॉटने आली तर साधारण 120 ज्यूल, त्यात फळीसोबत ओढल्या जाणाऱ्या पाण्याचं वस्तुमानही धरायचं, हे लोक हमखास विसरतात.

डीएनव्ही या संस्थेच्या एफ111 मध्ये, म्हणजे ट्रॉल जाळं आणि पाइपलाइनच्या धडकेबद्दलच्या मार्गदर्शिकेत, तीन टप्पे आहेत: धडक, वरून ओढत जाणं, अडकणं. पण तो मुळात स्टीलच्या कडक पाइपसाठी लिहिलाय, डेंटचं (पोच्याचं) गणित इथे जसंच्या तसं चिकटवू नका. फ्लेक्झिबलमध्ये खरी भानगड बाहेरच्या प्लास्टिक आवरणाची. ते फाटलं की समुद्राचं पाणी आतल्या स्टीलच्या तारांपर्यंत जातं, तारा गंजतात आणि फटीग लाइफ, म्हणजे सतत हलत्या ताणाखाली टिकण्याचं आयुष्य, घसरतं, वरून मात्र छोटासा ओरखडा दिसतो!

पाइप ओढला गेला असेल तर वाकाची त्रिज्या किमान मर्यादेच्या खाली गेली का ते तपासा. आरओव्हीचा (दुरून चालवायच्या पाण्याखालच्या यंत्राचा) व्हिडिओ घ्या, शंका असेल तर अ‍ॅन्युलसची, म्हणजे आवरणाच्या आतल्या तारांच्या पोकळीची, व्हॅक्यूम टेस्ट, नुसत्या व्हिडिओवर मी तरी ओके देणार नाही.