गिळायला त्रास, तोंड कोरडं: विमानात बसण्याआधी

पासपोर्ट, तिकीट, चार्जर तुम्ही घ्यालच. पाणी दाट करायची पावडर सगळ्यात आधी केबिन बॅगेत टाका. चेक-इनच्या बॅगेत नको. ती बॅग जाते विमानाच्या पोटात, आणि वर तुमच्या हातात येतो साध्या पाण्याचा ग्लास. एक घोट घेतला की ठसका ठरलेला.

पावडर मूळ डब्यातच न्या, लेबलसकट. जागा वाचवायला बिननावाच्या पिशवीत पांढरी पूड भरून नेणं म्हणजे चौकशी ओढवून घेणं. छोट्या पुड्या मिळाल्या तर उत्तम. अमेरिकेच्या प्रवासात 350 मिलीच्या वरच्या पावडरीची वेगळी तपासणी होऊ शकते. मोठा डबा खुशाल चेक-इनमध्ये द्या, पण वाटेपुरती पावडर केबिन बॅगेत हवी. विमान उशिरा सुटलं तर पुरेल इतकी.

घरूनच पाणी दाट करून निघू नका. सिक्युरिटीच्या लेखी ते द्रव किंवा जेल, म्हणजे 100 मिलीची मर्यादा आली. मोजतात ती बाटली, आतलं पाणी नव्हे. मोठ्या बाटलीच्या तळाशी घोटभर उरलं असलं तरी अडवतात. वाटलेलं अन्न, दही, कस्टर्ड यांनाही हेच लागू. औषधांना आणि वैद्यकीय गरजेच्या आहाराला सहसा सूट असते, पण ती मागावी लागते. ट्रेमध्ये वेगळं काढून ठेवा, आधी सांगा, डॉक्टरांचं पत्र दाखवा. पत्रात आजाराचा सगळा इतिहास नको. गिळायला त्रास आहे, काय लागतं, किती मिली, कितपत दाट, एवढं पुरे. तरी शेवटचा शब्द समोरच्या तपासनिसाचा. त्यापेक्षा बाटली रिकामी न्या, पलीकडे भरा आणि तिथेच मिसळा. मिसळायला पावडर कुठे हवी, ते वर सांगितलंय. स्टार्चची असेल तर थोडं थोडंच करा. ठेवलं की आणखी घट्ट होतं.

तोंड कोरडं पडणाऱ्यांनो, केबिनमधली आर्द्रता बऱ्याचदा 20 टक्क्यांच्याही खाली असते. कृत्रिम लाळेचा स्प्रे आणि तोंडात लावायचं जेल छोटं घ्या, पारदर्शक पिशवीत, रांगेत हाताशी. बाटली रिकामी केल्यावर तोच आधार. चघळायच्या गोळ्यांवर द्रवाचा नियम नाही, पण घास अडकत असेल तर त्या नकोतच. प्रवासात मळमळू नये म्हणून घेतात त्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड आणखी सुकतं, आधी विचारून घ्या.

विमान बदलायचं असेल तर बहुतेक ठिकाणी पुन्हा सिक्युरिटी. भरलेली बाटली तिथे ओतावी लागते. काही विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे नियम सैल झालेत, पण पुढच्या विमानतळावर तसंच असेल असं धरून चालू नका. आणि पावडर बॅगेतच राहू द्या, सामान हलकं करायच्या नादात चेक-इनला देऊ नका.

जेवण: 'ब्लँड मील' म्हणजे कमी मसाल्याचं जेवण, मऊ जेवण नव्हे, विमान कंपनीला नेमकं विचारा. गोळ्या मूळ पाकिटात. कुठली कुटायची नाही ते माहीत असू द्या. चमचा. नॅपकिन. खाताना-पिताना सीट सरळ.

परतीला हेच सगळं. बॅग भरताना पावडर आधी, केबिन बॅगेत; कपडे नंतर.